वरच्या कुरणाचं फाटक

माझी बायको मॅरियन दर शनिवारी पाहुण्यांना आमचं गाव दाखवते. पगार नाही, पण गळ्यात बिल्ला आहे, आणि त्या बिल्ल्याचा तोरा कुठल्याही पगारापेक्षा जास्त. बाजारचौकातल्या दगडी क्रूसापाशी सगळ्यांना गोळा करायचं, लोकरीच्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं चर्च दाखवायचं, मग पुलावरून खाली उतरून कीथ हॅडलीच्या कुरणांतून टेकडीवर न्यायचं आणि तिथून सगळं हार्लस्टो एका नजरेत दाखवायचं. या वरातीच्या शेपटाला मी असतो. उभा जन्म चौकात बुटांचं दुकान चालवलं, आता गुडघे बोलायला लागलेत. पण मागे रेंगाळणाऱ्यांना हाकायला गुडघे फारसे लागत नाहीत.

मॅरियनचा जीव कशात अडकला असेल तर फाटकांत. आमच्या शाळेत भिंतीवर एक तक्ता होता. रानात गेलात की सगळी फाटकं लावून घ्या, असं त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, आणि आम्ही दोघंही त्याच तक्त्याखाली बसून वाढलो. पुढे कधीतरी सरकारनं नियम बदलला. फाटक जसं दिसेल तसं सोडा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. जनावरं कुठे हवीत ते शेतकऱ्याला ठाऊक. हा नवा नियम मॅरियनला तोंडपाठ आहे. दर शनिवारी पुलापाशी थांबून ती तो म्हणून दाखवते आणि पाहुण्यांकडून म्हणवूनही घेते. एकदा बसनं आलेल्या एका बाईला तिनं फाटकावरून असं झापलं होतं, की त्या बाईची पोर रडायला लागली. तर असा हा नियम तिच्या तोंडात होता; हातात मात्र अजून शाळेतलाच होता. हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

जुलैतला तो शनिवार भाजून काढत होता. आमच्याकडे ऊन पडलं की लोक एक दिवस खूश असतात आणि दुसऱ्या दिवसापासून कुरकुरायला लागतात. त्या दिवशी कुरकुर केव्हाच सुरू झाली होती. फेरीला डर्बीच्या दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, एक डच जोडपं होतं आणि लेस्टरचे ठक्कर होते. नवरा-बायको, त्यांची आई आणि दोन मुली. माझी सवय वाईट आहे, मी माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या पायांकडे बघतो. ठक्करांच्या सगळ्या घराच्या पायांत नवेकोरे डोंगरी बूट होते, आजींच्यासुद्धा. एका दुपारच्या फेरीसाठी माणसं एवढी तयारी करून आली होती. मला ते आवडलं होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

ओढ्याकाठचं खालचं कुरण ओलांडून आम्ही चढाला लागलो. वरच्या कुरणाचं फाटक सताड उघडं होतं. कुंपणाला टेकवून, गवताचे भारे बांधायच्या नारिंगी दोरीनं बांधलेलं. थोड्या मेंढ्या खाली ओढ्यापाशी झाडांच्या सावलीत बसल्या होत्या, बाकीच्या वर उन्हात चरत होत्या. मॅरियन थांबली. तिच्या चेहऱ्यावर जवळजवळ आनंदच उमटला, कारण असा आयता नमुना दर शनिवारी मिळत नाही.

"बघा," ती म्हणाली. "मघाशी मी काय सांगत होते? आता या दोन कुरणांतल्या मेंढ्या एकमेकींत मिसळल्या. उद्या शेतकरी येणार आणि कपाळाला हात लावणार."

ठक्करांनी दोरीकडे बोट केलं. "पण ते बांधून ठेवलंय ना? गाठ चांगली पक्की आहे. कुणीतरी मुद्दामच उघडं ठेवलं असेल."

मॅरियन हसली. ते हसू मी ओळखतो. शाळेत शिकवायची तेव्हा वर्गातल्या ढ मुलांसाठी राखून ठेवलेलं असायचं ते.

"मिस्टर ठक्कर, शहरातली माणसं येतात, फाटक उघडतात, ते आपटू नये म्हणून बांधतात, फोटो काढतात आणि निघून जातात. आम्ही इथे राहणारे हे रोज बघतो."

"असेल," ते म्हणाले. "मला आपलं वाटलं, विचारावं."

"विचारायचंच. विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार तरी कसं?"

डर्बीच्या बहिणी हसल्या. मीही हसलो. ठक्करांच्या आईनं त्यांना गुजरातीत काहीतरी विचारलं, त्यांनी हलकेच मान हलवून तिला गप्प केलं. मॅरियननं गाठ सोडली, फाटक ओढलं, खटका पडला की नाही ते दोनदा हलवून पाहिलं आणि दोरी खिशात घातली. प्लॅस्टिकची दोरी जनावरांच्या पोटात गेली तर काय होतं यावर एक छोटं व्याख्यान झालं. मग ठक्करांना तिनं बंद फाटकापाशी उभं केलं.

"या, तुम्ही आजचे फाटकाचे रखवालदार," ती म्हणाली आणि तिनं फोटो काढला. संध्याकाळी तो फोटो तिनं 'आपलं हार्लस्टो' या गावाच्या पानावर टाकला. रविवारी ठक्करांनी त्याखाली स्वतःच्या नावानं लिहिलं: फार छान दिवस गेला, सगळ्यांचे आभार.

सोमवारी संध्याकाळी पॉलीन डकेट आली. पॉलीनचं चौकात चहाचं दुकान आहे आणि गावातली कुठलीही बातमी आधी तिच्या दुकानात उकळते, मग बाहेर ओतली जाते. मॅरियन ओट्यापाशी मटार सोलत होती.

"ऐकलंस का? कीथच्या मेंढ्या मेल्या," पॉलीन म्हणाली. "डझनभर तरी असतील, कोकरं वेगळीच. वरच्या कुरणातल्या पाण्याच्या डोणीचा पाइप फुटला होता म्हणे. डोण कोरडी पडली म्हणून त्यानं फाटक बांधून उघडं ठेवलं, मेंढ्या आपापल्या ओढ्यावर उतरतील म्हणून. आणि गेला पोरीच्या लग्नाला स्कॉटलंडला. कुणा मेल्यानं फाटक लावून टाकलं."

मटाराची शेंग मॅरियनच्या हातात तशीच राहिली.

"शेजारचा कुणी बघणार नव्हता?" मी विचारलं.

"बघून गेला की रविवारी. रस्त्यावरून. खाली ओढ्यापाशी मेंढ्या दिसल्या, त्याला वाटलं सगळ्या तिथेच आहेत. वरच्या बिचाऱ्या फाटकाला चिकटून एकमेकींवर पडून मेल्या. खाली पाणी दिसत होतं गं त्यांना." पॉलीननं डोळे टिपले. "तुमची फेरी गेली होती ना तिकडून? तुला काही दिसलं?"

"गेलो होतो आम्ही," मॅरियन म्हणाली.

मी वाट पाहिली. पॉलीननंही पाहिली. मॅरियननं हातातली शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले आणि पुढची घेतली. पॉलीन गेल्यावर तिनं उरलेले सगळे मटार सोलून संपवले.

"मी उद्या कीथकडे जाते," ती शेवटी म्हणाली.

"मी येतो."

आम्ही गेलो. कीथ त्या फाटकापाशीच उभा होता. मेलेली जनावरं नेणारी गाडी नुकतीच गेली होती, पण वास राहिला होता, आणि फाटकाच्या खालच्या आडव्या फळीला लोकर चिकटलेली होती. कीथ हा धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. लग्नासाठी कापून घेतलेले केस अजून नीटनेटके दिसत होते.

"मॅरियन," तो म्हणाला, "मी पोरीच्या लग्नात नाचत होतो. जन्मात नाचलो नव्हतो, तो नाचत होतो. आणि इकडे ही जनावरं तडफडत होती."

एवढं बोलून तो रडायला लागला. मॅरियननं त्याच्या दंडावर हात ठेवला. आता सांगेल, मला वाटलं. तिचे ओठ हललेही.

"फार वाईट झालं, कीथ," ती म्हणाली.

"पॉलीन म्हणत होती, लेस्टरचे कुणी होते तुमच्याबरोबर. तुझ्या फोटोत फाटकाला टेकून उभे आहेत. तू काही बोलली असशीलच त्यांना, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण तुमची पाठ वळल्यावर कुणी काय केलं, तुला तरी कसं कळणार?"

म्हणजे त्यानं तिला वाचवायची वाटही तयार करून दिली होती, आणि ती त्या वाटेनं गेली नाही असं मला म्हणता येत नाही. ती गप्प राहिली. उतारावरून येताना ती माझ्या पुढे चालत होती, भरभर, आणि मला तिची मान तेवढी दिसत होती. लाल झालेली मान. मी तिच्याशी इतकी वर्षं संसार केला, पण शरमेनं लाल झालेली तिची मान मी पहिल्यांदाच पाहिली.

मी काय केलं, तेही सांगायला हवं. घरी आल्यावर मी किटली ठेवली आणि म्हणालो, "अगं, दोन-चार दिवसांत शांत होईल सगळं. त्या लोकांना तरी कुठे कळणार आहे इथे कोण काय बोलतंय?"

त्यांना कळत होतं. फोटोखाली त्यांचं नाव होतं. आभार मानायला त्यांनी स्वतःच लिहिलेलं. बुधवारी सकाळपर्यंत त्या आभारांखाली गावानं जे काही ओतलं, ते वाचून मला माझ्याच गावाची किळस आली. शहरातल्यांना कुरणात सोडूच नये. यांच्या देशात जनावरांना कसं वागवतात ते ठाऊक आहे आम्हाला. मी काही तसल्या विचारांचा माणूस नाही, पण. हे 'पण' बॅरीचं होतं, आमच्या लोखंडी सामानाच्या दुकानवाल्याचं. असल्यांना त्या मेंढ्यांबरोबरच उन्हात कोंडायला हवं होतं, असं त्यानं पुढे लिहिलं आणि त्याला सत्तर-ऐंशी अंगठे मिळाले. कुणीतरी शोधून काढलं की ठक्करांचं लेस्टरात चष्म्यांचं दुकान आहे. मग त्या दुकानाच्या पानावर जाऊन, जन्मात त्यांच्याकडून चष्मा न घेतलेली आमची माणसं एकेक तारा देऊन आली. चुकीचा नंबर देतात. उद्धट आहेत. मेंढ्या मारतात.

दुपारी फोन वाजला. मॅरियननं घेतला आणि ऐकताऐकता हळूहळू खुर्चीवर बसली. फोनमधला आवाज मला समोर बसून ऐकू येत होता, इतकं घर शांत होतं.

"मिसेस लॅम्ब, मी हर्षद ठक्कर. शनिवारी आलो होतो. तुम्हाला त्रास देतोय, माफ करा."

"नाही, नाही. बोला."

"त्या मेंढ्यांचं वाचलं. फार वाईट वाटलं. आई तर जेवली नाही काल." ते थांबले. "गावातल्या लोकांचा काही गैरसमज झालाय. तुम्ही त्यांना सांगाल का, फाटक आम्ही लावलं नव्हतं म्हणून? आम्ही सांगून उपयोग नाही. तुमचं ऐकतील."

बघा, तो माणूस 'तुम्ही लावलंत' असं म्हणाला नाही. एकदाही नाही. त्यानं तिच्या चुकीवर स्वतःच्या हातानं पांघरूण घातलं आणि वर तिच्याकडेच न्याय मागितला. मॅरियन फोनच्या वायरीला बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मी बघते," ती म्हणाली. "मी नक्की बघते काय करता येतं ते."

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "मी बघते म्हणाले मी त्यांना. डेरेक, मी कोण आहे? टपाल कचेरीतली बाई आहे का, बघते म्हणायला?" मग ती संडासात गेली आणि तिनं आतून कडी लावली. पाण्याचा नळ खूप वेळ चालू होता.

गुरुवारी बाजार उठल्यावर चर्चच्या हॉलमध्ये सभा होती. शनिवारची फेरी बंद करायची की काय, हा विषय. हॉल गच्च भरला होता. मागच्या बाजूला पॉलीननं चहाची मोठी टाकी मांडली होती आणि लिंबाचा केक कापून ठेवला होता, कारण आमच्याकडे फाशीची शिक्षा सुनावायची असली तरी आधी केक कापून ठेवतात. कीथ पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

बॅरी उठला. "माझं म्हणणं सरळ आहे. फेरी आपल्या लोकांपुरती ठेवा. ज्यांना फाटक म्हणजे काय ते कळतं, त्यांच्यापुरती. दुखावायचं कुणाला नाही मला."

"बरोबर आहे," तीन-चार आवाज आले.

"त्या लेस्टरवाल्यांकडून निदान भरपाई तरी घ्या," मागून कुणी म्हणालं.

मॅरियन उभी राहिली. गावात ती उभी राहिली की माणसं आपोआप गप्प होतात, निम्म्या गावाला तिनं पाढे शिकवलेत. तिच्या हातात ती नारिंगी दोरी होती.

"फाटक मी लावलं," ती म्हणाली. "कीथनं बांधलेली गाठ मी सोडली. ही त्याची दोरी. मिस्टर ठक्करांनी मला विचारलं होतं की हे कुणी मुद्दाम तर उघडं ठेवलं नसेल ना. मी चारचौघांत त्यांची चेष्टा केली आणि फाटक लावलं. सोमवारपासून मला हे ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. तुम्ही त्यांना जे जे बोललात ते मी वाचत होते आणि गप्प होते."

मला वाटलं, आता सुरू होईल. मी माझी काठी घट्ट धरली. बॅरी, पॉलीन, मागची ती भरपाईवाली मंडळी, आता सगळे तुटून पडतील, आणि खरं सांगतो, ते व्हावं असंच मला वाटत होतं.

"अगं, बस आधी," पॉलीन म्हणाली. "किती थरथरतेयस तू. कुणीतरी पाणी आणा रे हिला."

"होतं असं, मॅरियन," बॅरी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "त्या उन्हात कुणालाही सुचलं नसतं. मी असतो तर मीही लावलंच असतं. शाळेत तेच तर शिकवलं आपल्याला."

"चूक माझीच आहे," कीथ टोपीकडे बघत म्हणाला. "एक पाटी लावायला हवी होती मी तिथे. घाईत राहून गेलं."

"कीथ, तुझ्या मेंढ्या मी मारल्या."

"ऊन होतं गं."

"ऊन नव्हतं. मी होते." तिचा आवाज चढला. "बॅरी, परवा तू जे लिहिलंस ते माझ्या तोंडावर म्हण. मेंढ्यांबरोबर कोंडायला हवं म्हणालास ना? म्हण. मी इथेच उभी आहे."

"ते तुझ्याबद्दल नव्हतं."

"फाटक लावणाऱ्याबद्दल होतं."

बॅरीनं इकडेतिकडे पाहिलं. कुणीतरी सुस्कारा सोडला, आणि तो सुस्कारा मॅरियनसाठी होता, ती उगाच स्वतःला त्रास करून घेतेय अशा अर्थाचा. पॉलीननं टाळी वाजवून चहा झाल्याचं सांगितलं. खुर्च्या सरकल्या. माणसं मॅरियनभोवती जमली, तिचे खांदे थोपटू लागली. फार धीराची आहेस, म्हणाली. एवढं मनाला लावून घेऊ नकोस, म्हणाली. तिच्या बशीत केकचे दोन तुकडे आले.

"आणि ठक्कर?" मॅरियन पॉलीनला म्हणाली. "त्यांचं काय?"

"गावाचं पान मीच तर सांभाळते, तो फोटो काढून टाकते आजच. विषयच संपला." पॉलीननं तिचा हात दाबला. "त्यांना तरी कशाला परत आठवण करून द्यायची?"

मी त्या वेळी केक खात होतो. हे मला लपवता येणार नाही. बॅरी 'होतं असं' म्हणाला, तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, मी रांगेत उभा राहिलो, चहात साखर घातली आणि केक खाल्ला, आणि तो मला चांगला लागला. मॅरियनकडे नजर गेली तेव्हा ती तशीच उभी होती, बशी पुढे धरून. भीक मिळाल्यावर माणूस कसा उभा राहील, तशी. तेव्हा कुठे मी हातातली बशी खाली ठेवली.

रात्री तिनं स्वतःच 'आपलं हार्लस्टो'वर सगळं लिहिलं. ठक्करांचा काही दोष नाही, त्यांची माफी मागा, असं सरळ लिहिलं. सकाळी त्याखाली लाल बदामांची रास पडली होती. किती प्रामाणिक आहेस तू. गावाला तुझा अभिमान आहे. तुझ्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. ठक्करांचं नाव एकानंही घेतलं नाही, आणि त्यांच्या दुकानाला दिलेले ते एकेक तारे आजतागायत तिथेच आहेत. मॅरियननं ते बदाम वरपासून खालपर्यंत वाचले.

"लेस्टरला जायचं," ती म्हणाली. "तोंडावर सांगायला हवं."

"फोनवर सांग ना."

"फोनवर मी एकदा बोललेय त्यांच्याशी."

आम्ही बसनं गेलो. दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं, लहानसं, स्वच्छ, एका बाजूला साड्यांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला मिठाईचं. आत गिऱ्हाईक नव्हतं. ठक्कर काउंटरमागे एका फ्रेमचा स्क्रू पिळत होते. आम्हाला पाहून ते उठून उभे राहिले आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला, की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. आम्ही आणखी काही बोलायला आलोय असं वाटलं त्यांना. आतल्या दाराशी त्यांची बायको आली, तिनं आम्हाला पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा आत गेली.

मॅरियन बसली नाही. उभ्याउभ्यानं तिनं सगळं सांगितलं. फाटक तिनं लावलं हे, ते विचारत होते तेव्हा तिनं त्यांना कमी लेखलं हे, फोनवर ती खोटं वागली हे. कुठेही तिनं 'पण' म्हटलं नाही. मध्येमध्ये तिचा आवाज फुटत होता, तेव्हा ती थांबत होती आणि पुन्हा सुरू करत होती.

ठक्करांनी मधेच तोंड घातलं नाही. तिचं संपल्यावर त्यांनी फ्रेम खाली ठेवली.

"तुम्ही इतक्या लांब आलात," ते म्हणाले. "त्याची गरज नव्हती. पण बरं वाटलं." मग जरा थांबून, "धाकटी शाळेच्या सहलीला नाही म्हणते आता. गावाकडे नको म्हणते. बायको रोज दुकान उघडायच्या आधी फोन बघते, काही नवीन आलंय का. होईल कमी. तुम्ही तुमच्या लोकांना सांगितलंत का हे?"

"सांगितलं. सभेत, सगळ्यांसमोर."

ठक्करांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. खरीखुरी काळजी, मॅरियनबद्दलची. ते काउंटरवरून थोडे पुढे झुकले.

"अरेरे. आम्ही निदान इथे लांब होतो. तुम्हाला तर त्यांच्यातच राहायचंय. फार त्रास दिला असेल तुम्हाला. काय म्हणाले?"

मॅरियननं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. खोटं बोलायचं नाही असं ठरवून ती तिथे आली होती, आणि आता खरं बोलण्यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नव्हती.

"चहा दिला," ती म्हणाली. "आणि केक."

ठक्करांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते कळताना मी त्यांच्याकडे पाहिलं, पाहायला नको होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त सावकाश मान हलवली, आपल्याला हे आधीच सुचायला हवं होतं अशी, आणि काउंटरवरचा तो बारीक स्क्रू बोटानं इकडून तिकडे सरकवत राहिले.

आतून त्यांच्या आईनं हाक मारून काहीतरी विचारलं. त्यांनी तिकडे न बघता एका शब्दात उत्तर दिलं. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"आई विचारतेय," ते म्हणाले, "तुम्ही चहा घेणार का?"

आम्हा दोघांनाही हो म्हणवेना, आणि नाहीही म्हणवेना.